मेंदूच्या गोळीच्या नावाखाली २०,६५८ रुपये गेले

लैंगिक इच्छा वाढेल म्हणून 'मेंदूची गोळी' फोनवरून घेतली आणि फसलो. आधी हिशेब देतो, कारण पुढे राग आवरेल याची खात्री नाही. फोनवरच्या 'तपासणी'चे ९९ रुपये. पहिली बाटली, ६० कॅप्सूल, कुरिअरवाल्याच्या हातात रोख २,४९०. तीन महिन्यांचा 'पूर्ण कोर्स', यूपीआयने आगाऊ ८,६४०. 'रिपोर्ट बघून' वाढवलेलं तेल आणि थेंब ४,२५०. जीएसटी आणि पार्सलचा विमा, म्हणे परत मिळणारा, ३,१८०. आणि पैसे परत मागितल्यावर 'रिफंडची फाइल उघडायला' १,९९९. एकूण २०,६५८. हातात आली ती फक्त पहिली बाटली. कोर्स, तेल, थेंब, काहीही आलेलं नाही.

मेडिकलच्या काउंटरवर १९ वर्षं काढलेला माणूस हे लिहितोय. लेबल वाचणं हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून लाज जास्त वाटते. पण ज्यांना वाटतं की असल्या जाळ्यात अडाणी माणूसच सापडतो, त्यांनी पुढचं नीट वाचा.

जाहिरातीत लैंगिक शब्द एकही नव्हता. 'मेंदू शांत, मन ताजं, वैवाहिक आयुष्यात उत्साह' एवढंच. हे मुद्दाम असतं. लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. म्हणून माल विकायचा मेंदूच्या नावावर आणि खरा दावा करायचा फोनवर. गिऱ्हाइकालाही तेच सोयीचं. आपण 'तसलं' काही घेत नाही, स्मरणशक्तीचं घेतोय, असं मनाला सांगता येतं. फोनवरचा स्वतःला डॉक्टर म्हणवणारा माणूस म्हणाला, "सर, तुमचा प्रॉब्लेम खाली नाहीच, डोक्यात आहे." यात खोटं काय होतं? लैंगिक इच्छा मेंदूतच तयार होते. ताण, अपुरी झोप, नैराश्य यांनी ती मरते, हे कुठलाही खरा डॉक्टर सांगेल. खऱ्याच्या एका वाक्यावर खोट्याची शंभर वाक्यं चढवली की ओळखणं अवघड जातं.

आता लेबल. प्रत्येक कॅप्सूल ५०० मिलिग्रॅम, दिवसाला दोन. आठ घटक: ब्राह्मी, अश्वगंधा, गिंको, एल-थिआनिन, कवचबीज, शिलाजीत, सफेद मुसळी, जायफळ. कुठल्या घटकाचं किती, ते लिहिलेलंच नाही, फक्त 'विशेष मिश्रण'. ब्राह्मीच्या अर्काच्या चाचण्या साधारण रोज ३०० मिलिग्रॅमवर आणि १२ आठवडे चालतात, तेही स्मरणशक्तीसाठी. अश्वगंधाच्या मुळाचा अर्क ६००, गिंको किमान १२०, थिआनिन २००. या चारांचीच बेरीज १,२२० होते आणि दोन कॅप्सूलमध्ये जागा १,००० ची. कवचबीजाची पूड तर ग्रॅममध्ये घेतात. म्हणजे लेबलावरची नावं खरी धरली तरी प्रत्येकाची चिमूटच पडलेली असणार. एवढी बेरीज मी काउंटरवर उभ्याउभ्या करतो. ती केली नाही. घटकागणिक प्रमाण लिहिलेलं नसेल, तर ती बाटली विकत घेऊ नका.

आणि हा तो क्षण, जो रोज रात्री आठवतो. पहिल्याच दिवशी कॅप्सूल घेतली आणि पाऊण तासात फरक जाणवला. त्याबरोबर कान तापले, चेहरा लाल झाला, नाक चोंदलं, संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं. सिल्डेनाफिल हे ताठरतेचं औषध घेणारी माणसं हेच सांगतात, मी शेकडो वेळा ऐकलंय. ब्राह्मी पाऊण तासात काही करत नाही. अश्वगंधाही नाही. जी 'जडीबुटी' तासाभरात काम करते, तिच्यात बहुतेक वेळा न सांगितलेलं औषध मिसळलेलं असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वर्षानुवर्षं असल्या 'नैसर्गिक' गोळ्यांत सिल्डेनाफिल आणि त्याच जातीचं टाडालाफिल सापडल्याचे इशारे दिले आहेत. हे सगळं मला माहीत होतं. चोंदलेलं नाक शिंकरत मी यूपीआयचा पिन टाकला आणि ८,६४० पाठवले. कारण फरक पडला होता आणि फरक पडावा असं फार दिवस वाटत होतं. यापलीकडे माझ्याकडे समर्थन नाही.

हा नुसता पैशांचा प्रश्न नाही. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या किंवा नायट्रेटच्या रोजच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या पोटात नकळत सिल्डेनाफिल गेलं, तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली येतो. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देत नाहीत. पण गोळीत ते आहे हे ना रोग्याला माहीत, ना कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला. असं काही घेतलं असेल तर दवाखान्यात लाज सोडून पहिल्या वाक्यात सांगा. गिंको तर लेबलावरच असतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याला हात लावू नका. अश्वगंधाने काहींच्या यकृताला त्रास झाल्याची उदाहरणं आहेत, थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

दुसरी खूण तर समोर टेबलावर होती. बाटलीवर एमआरपी छापलेली, 'सर्व करांसहित'. आणि मी जीएसटीचे म्हणून वेगळे ३,१८० भरले. एमआरपीवर वेगळा कर कोणीही घेऊ शकत नाही. 'परत मिळणारी' रक्कम कुणी मागितली की फोन तिथेच ठेवा.

पैसे परत मागितल्यावर आवाज बदलला. "सर, बिल घरी पाठवू का? मॅडमच्या नावाने?" अख्खा धंदा या एका वाक्यावर उभा आहे. लाजेपोटी तक्रार होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मी १,९९९ भरले ते या वाक्यानंतर. तुम्ही भरू नका. कॉल रेकॉर्ड करा, चॅट पुसू नका आणि ज्याची भीती घातली जाते त्या माणसाला आपणच आधी सांगून टाका. मी त्याच रात्री बायकोला सांगितलं. त्यानंतर त्यांच्याकडे माझ्याविरुद्ध काही उरलं नाही.

आता यंत्रणा. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन केला. पैसे गेल्या गेल्या, तासाभरात केला तर समोरचं खातं गोठवण्याची शक्यता असते. मी चौथ्या दिवशी केला. उत्तर मिळालं, माल आलाय, पैसे तुम्हीच पाठवलेत, हा ग्राहकाचा वाद. पोलीस ठाण्यात टेबलावरच्या माणसाने बाकड्यावरच्या सहा जणांसमोर मोठ्याने विचारलं, "कसली गोळी म्हणालात?" दुसऱ्यांदा तोच प्रश्न आल्यावर मी उठलो. उठायला नको होतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली ही सरळ फसवणूक आहे, हे लेखी देऊन पोच घ्यायला हवी होती. बँकेने एका ओळीत कळवलं, पिन तुमचा, जबाबदारी तुमची.

सगळ्यात जास्त चीड आणली ती अन्न व औषध प्रशासनाच्या सरकारी कार्यालयाने. बाटलीवर आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांकही छापलाय आणि खाद्यपदार्थाचा १४ अंकी क्रमांकही. अन्नाच्या टेबलावर सांगितलं, हे औषध आहे, त्या खोलीत जा. औषधाच्या टेबलावर सांगितलं, हे अन्न आहे, इथे कशाला आणलंत? चार फेऱ्या झाल्या. पाचव्या वेळी म्हटलं, निदान आत काय आहे ते तपासून द्या, फी भरतो. तेव्हा २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४० दाखवलं. ग्राहकाला स्वखर्चाने नमुना तपासून घेता येतो, पण तसा इरादा विकत घेतानाच विक्रेत्याला कळवायला हवा. फोनवरच्या ठगाला मी आधी कळवायचं होतं की तुमचा माल तपासणार आहे! मग स्वतःहून नमुना घेण्याचा अधिकार ज्यांना आहे, ते का घेत नाहीत? हे विचारल्यावर साहेब मीटिंगला गेले. एखादा हार्टचा पेशंट दगावेपर्यंत ही बाटली अन्न की औषध हे ठरणार नाही का?

१४ अंकी क्रमांक तुम्ही स्वतः तपासू शकता, तो अन्न परवान्यांच्या सरकारी फॉसकॉस पोर्टलवर टाका. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर फक्त छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. चौथा-पाचवा अंक वर्षाचा. माझ्या बाटलीवरचा क्रमांक भलत्याच राज्यातल्या फरसाणवाल्याचा निघाला. दोन मिनिटांचं काम होतं, ते मी पैसे गेल्यावर केलं.

इच्छा खरोखर कमी झाली असेल तर आधी चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या, केसांसाठीची फिनास्टेराइड, रक्तदाबाच्या काही बीटा ब्लॉकर गोळ्या यांनी ती कमी होऊ शकते, पण गोळी मनाने बंद करू नका. साखर, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन हे संप्रेरक तपासा. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी १० च्या आत द्यायचं आणि कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा. रात्री जोरात घोरत असाल तर झोपेची तपासणी करा. आणि सिल्डेनाफिलने इच्छा वाढत नाही, ते फक्त ताठरतेचं औषध आहे, तेही चिठ्ठीवरच मिळायला हवं.

माझी तक्रार आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन दाखल आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. पावत्या, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, त्या पोर्टलवरच्या फरसाणवाल्याच्या पानाचा फोटो, सगळं जोडलंय. उरलेल्या ४१ कॅप्सूल बाटलीसकट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, वर तारीख घालून ठेवल्यात. बॅच क्रमांकाच्या स्टिकरचा कोपरा उचलला की खाली दुसरं स्टिकर दिसतं, त्यावर दुसरंच नाव आहे.