६३ कार्डं, ६८ पोरं: मेकॅनिक्सच्या वर्गात प्लिकर्स

पहिल्यांदा वर्गात कार्डं वाटली तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हाऊजी आहे का?" सगळा वर्ग हसला. मीही हसले, कारण दिसायला प्रकार तसाच होता.

मुंबईतल्या एका खासगी कॉलेजात मी पहिल्या वर्षाला इंजिनीअरिंग मेकॅनिक्स शिकवते. एकोणीस वर्षं झाली. गेली दोन सेमिस्टर मी प्लिकर्स (मुलांनी धरलेल्या कार्डांवरून उत्तरं टिपणारं फोनवरचं ॲप) वापरतेय, आणि दुसऱ्या कॉलेजांतल्या मैत्रिणी 'ते कार्डांचं काय असतं गं' असं विचारत असतात. प्रत्येकीला फोनवर अर्धा अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

पेपर आणि क्लिकर (उत्तर द्यायचं बटणांचं, रिमोटसारखं यंत्र) हे दोन शब्द जोडून प्लिकर. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात एक कागदी कार्ड. त्यावर काळ्या चौकोनांची एक ठसठशीत आकृती, क्यूआर कोडच्या चुलत भावासारखी. चार कडांना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. आपल्या उत्तराचं अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड उभं धरायचं. मी माझा फोन डावीकडून उजवीकडे फिरवते आणि कोणी काय उत्तर दिलं ते पडद्यावर उमटत जातं. मुलांना स्वतःचा फोन काढावा लागत नाही. प्रत्येकाची आकृती वेगळी आणि अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं कार्ड बघून आपलं फिरवता येत नाही. हात वर करायला सांगितलं की पहिल्या बाकावरची हुशार मुलगी कधी हात वर करते ते बघून बाकीचे करतात. ते इथे बंद होतं, आणि माझ्या मते अर्धे पैसे इथेच वसूल होतात. (पैसे म्हणजे छपाईचेच. कार्डं फुकट उतरवून घेता येतात.)

आधी फोनवरची क्विझ करून पाहिली होती. चौथ्या मजल्यावर आमचं वायफाय पोचत नाही, तिघांचा डेटा संपलेला असतो, आणि एकदा फोन हातात आला की तो परत खिशात जात नाही. खरे क्लिकर घ्यायला कॉलेजकडे मागणी करण्याइतकी मी भोळी राहिलेली नाही.

छपाईबद्दल नीट सांगते, कारण तिथे मी फसले. कार्डशीट आणि लॅमिनेशनचे पाउच अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून घाऊक भावात आणले, दादरला एका झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतली, आणि मोठ्या हौसेने चकचकीत लॅमिनेशन केलं. पावसात टिकतील, पोरं घडी घालणार नाहीत वगैरे. वर्गात नेली तर ट्यूबलाइट सरळ कार्डावर चमकायची. तिसऱ्या बाकामागचं एकही कार्ड फोनला दिसेना. पन्नासेक पोरं हात वर करून बसलीयत आणि मी खिडकीपाशी, फळ्यापाशी, टेबलावर चढायची तेवढी राहिले. लॅमिनेशन करायचंच असेल तर मॅट करा. मी आता तेही करत नाही. जाड कार्डशीट एक सेमिस्टर आरामात निघते. कापायचं काम मात्र घरी रात्री बसून करावं लागतं. आमच्याकडे सासूबाईंनी कापून दिली, आणि 'ही कसली नक्षी' म्हणून दोनदा विचारलं.

आता कार्डांनी वर्गात झालं काय, ते.

घर्षणाचा धडा. १० किलोचा ठोकळा खडबडीत आडव्या पृष्ठभागावर ठेवलाय, स्थितिक घर्षण गुणांक ०.४. त्याला आडवा २० न्यूटनचा धक्का दिला. घर्षण बल किती? पर्याय: ३९.२, २०, १९.२, शून्य. एकोणीस वर्षं मी हा भाग फळ्यावर शिकवत आलेय, आणि मला मनापासून वाटायचं की हा सोपा आहे. कार्डं वर झाली. पडद्यावर ए पर्यायाचा खांब ताडमाड वाढला. वर्गातल्या बहुतेकांनी गुणांक गुणिले वजन करून ३९.२ काढलं होतं. म्हणजे २० न्यूटनने ढकललेला ठोकळा घर्षणामुळे उलट्या दिशेने पळायला हवा! सूत्र पाठ होतं, पण ती घर्षणाची कमाल मर्यादा आहे आणि ठोकळा हलतच नसेल तर घर्षण धक्क्याइतकंच असतं, हे डोक्यात शिरलेलं नव्हतं. आणि हीच मुलं परीक्षेत शिडीचं आणि पाचरीचं गणित सोडवून पूर्ण मार्क घेतात, कारण तिथे 'हलण्याच्या बेतात' असं प्रश्नातच दिलेलं असतं.

उत्तर मी सांगितलं नाही. शेजाऱ्याशी दोन मिनिटं भांडा म्हटलं. पुढचं संभाषण मी दुसऱ्या रांगेत कान देऊन ऐकलं:

"अरे तो हलतोय का?"

"नाही."

"मग एवढं घर्षण कशाला लावेल? आपण वीसने ढकललं तर तो वीसनेच अडवणार ना."

"पण सूत्र…"

"सूत्र ठेव बाजूला, ठोकळा बघ."

'सूत्र ठेव बाजूला, ठोकळा बघ' हे वाक्य मला एकोणीस वर्षांत सुचलं नव्हतं. पुन्हा कार्डं वर केली तर उंच खांब बी पर्यायाकडे सरकलेला.

ही पद्धत माझी नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९१ पासून ती रुजवली. त्यांचीही गोष्ट अशीच: मुलं अवघड गणितं सोडवायची आणि साध्या संकल्पनेच्या प्रश्नावर आपटायची. नियम ढोबळ आहे. साधारण ३० टक्क्यांहून कमी मुलांचं बरोबर आलं तर चर्चा फुकट, आपणच पुन्हा शिकवायचं. ७० टक्क्यांच्या वर गेलं तर थोडक्यात सांगून पुढे जायचं. मधे असेल तर भांडू द्यायचं. त्या दिवशी आमचा आकडा ३० च्या खालीच होता, नियमाप्रमाणे मी फळ्याकडे वळायला हवं होतं. पण बरोबर उत्तरवाले थोडे असले तरी रांगारांगांत विखुरलेले दिसत होते, म्हणून धोका पत्करला. दरवेळी तो फळत नाही. ताणाच्या प्रश्नाला (कप्पीवरून दोन्ही बाजूंना ५-५ किलो टांगलेत, मधला स्प्रिंगकाटा किती दाखवेल) असंच केलं आणि चर्चेनंतर १० किलोवाले वाढले (बरोबर उत्तर ५). एक आत्मविश्वासू पोरगा मोठ्या आवाजात चुकीचं सांगत होता.

इथे प्लिकर्सच्या कंपनीला आवडणार नाही असं एक सांगते. कॅनडात नॅथनिएल लास्री यांनी २००८ साली हेच तपासलं होतं: एका वर्गात इलेक्ट्रॉनिक क्लिकर, दुसऱ्यात साधी अक्षरांची कार्डं, शिकवण्याची पद्धत तीच. शिकण्यात फरक पडला नाही. म्हणजे पुठ्ठ्यावर ए, बी, सी, डी लिहून वर धरायला लावलंत तरी मुलांचा फायदा तेवढाच. प्लिकर्स मोजणी करतं आणि नोंद ठेवतं, ती सोय शिक्षकाची. तिला कमी लेखू नका, पण तिच्यावर जादूही लादू नका.

आणि ही सगळी उठाठेव कशासाठी, तर केटी, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेला विषय. सेमिस्टर संपल्यावर मेकॅनिक्सच्या केट्यांची यादी लागते, त्यात गेल्या चार महिन्यांत माझ्यासमोर शांतपणे मान डोलावणारी मुलं असतात. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान-अभियांत्रिकीच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र केले, त्यात निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं, मुलांना वर्गात काही करायला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२. हे आकडे एका एफडीपीत, म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गात, पडद्यावर दाखवले गेले. दाखवणारे सर स्वतः सलग तीन तास व्याख्यान देत होते, ते असो. माझ्या वर्गातल्या केट्या कमी झाल्या का? पहिल्या सेमिस्टरला थोड्या झाल्या, पण त्या वर्षी पेपरही सोपा होता. कार्डांचं श्रेय मी छातीठोकपणे घेणार नाही.

आता तक्रारी. पहिली शीर्षकातच आहे. मोठ्यातला मोठा संच ६३ कार्डांचा. आमची डिव्हिजन ६८ ची. वर्गात एरवी पंचावन्नच्या वर कोणी नसतं, पण कार्डाचा नंबर नावाला जोडलेला असतो, त्यामुळे 'आज कोण नाही' बघून वाटता येत नाहीत. शेवटच्या पाच रोल नंबरांना मी कार्ड असलेल्यांबरोबर जोडीने बसवते, दोघांत एक कार्ड. त्यातल्या एकीने मला ऐकवलं, "मॅडम, ॲडमिशन शेवटच्या राउंडला झाली म्हणून आमचा रोल नंबर शेवटी, आता कार्डपण नाही." तिचं बरोबर होतं. डिफॉल्टर यादी (हजेरी कमी भरलेल्यांची) लागायच्या आठवड्यात सगळे ६८ हजर होतात तेव्हा तर तारांबळ विचारू नका.

दुसरी: फुकटच्या खात्यात एका संचात पाचच प्रश्न घालता येतात. एका तासाला मी तीनच्या वर विचारत नाही, म्हणून मला अडत नाही. चाचणी घ्यायला वापरायचं असेल तर अडेल. तिसरी, मुलं आकृतीवर अंगठा ठेवतात. मग फोन त्यांना शोधत बसतो. 'कडेला धरा' हे वाक्य मी आता झोपेतही म्हणत असेन.

चौथी तक्रार कार्डांची नाही, वेळेची. एका प्रश्नाला सगळं धरून आठ ते दहा मिनिटं जातात. सीईटीचे प्रवेश रेंगाळले की पहिलं सेमिस्टर आधीच आखूड, त्यात एखादा दिवस पाण्याखाली गेलेल्या रुळांचा. अभ्यासक्रम मागे पडतो. मी दोन सोडवलेली उदाहरणं फळ्यावरून काढून टाकली आणि नोट्समध्ये दिली. त्यावरून फीडबॅकच्या फॉर्मात आलं: "मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात." विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. नशिबाने २०१९ चा हार्वर्डचाच एक अभ्यास ठाऊक होता: चर्चेच्या वर्गातल्या मुलांना चाचणीत मार्क जास्त पडले, पण आपण कमी शिकलो असंच त्यांना वाटत होतं. छान व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, डोकं लढवताना दमल्यासारखं वाटतं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक, पण फॉर्ममध्ये आकडा खाली आलाय." तेव्हा दुसऱ्या सेमिस्टरला मी पहिल्याच तासाला मुलांना हा अभ्यास सांगून टाकला. तक्रार पूर्ण गेली नाही, निम्मी झाली.

एक अनपेक्षित फायदा. वर्गात मराठवाड्यातून आलेला, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला एक मुलगा आहे. इंग्रजीत प्रश्न विचारला की खाली बघतो. दीड महिना मी त्याला 'कच्चा' समजत होते. नोंदी चाळताना लक्षात आलं, त्याचं कार्ड पहिल्याच फेरीत बहुतेक वेळा बरोबर असतं. घर्षणालाही होतं. कार्डाला इंग्रजी बोलावं लागत नाही. आता चर्चेच्या वेळी मी त्याच्या बाकापाशी जाऊन मराठीत विचारते, "काय झालं रे, का?" आणि तो पेन्सिलने बाण काढून दाखवतो. वर्गासमोर अजून बोललेला नाही.

या नोंदींचा दुसरा ग्राहक म्हणजे एनबीएची, इंजिनीअरिंगच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाची, फाइल. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा (इंजिनीअरिंगच्या पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणारा करार) कायम सदस्य आहे, त्यामुळे कोणत्या मुलाला काय 'येतं' याचे पुरावे गोळा करणं हे आता आमचं अर्धं काम. प्लिकर्सचे तक्ते बघून आमच्या समन्वयकांचे डोळे लकाकले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, हे मार्कांत धरायचे नाहीत. चुकल्याने मार्क जातात असं कळलं की त्या क्षणी सगळे एकमेकांकडे बघून कार्ड धरायला लागतील.

पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा ६३ च्या मर्यादेसाठी कापला. उरलेला एक यासाठी की प्रश्न तुम्हालाच बनवावे लागतात, आणि तीच खरी मेहनत आहे. चांगला प्रश्न म्हणजे ज्याच्या चुकीच्या पर्यायात मुलं खरोखर अडकतात. ते पर्याय मी जुन्या उत्तरपत्रिकांतून उचलते. पेपर तपासताना शेजारी वही ठेवायची आणि मजेशीर चुका उतरवून घ्यायच्या. उंच फेकलेल्या चेंडूचं सर्वांत वरच्या बिंदूला त्वरण शून्य लिहिणारे इतके निघाले की तो प्रश्न आयताच तयार झाला.

प्रिंटला जाताना दोन संच काढा. माझ्या संचातलं कार्ड नंबर १२ पहिल्याच महिन्यात कँटीनमध्ये राहिलं. वड्याचं तेल लागलेलं सापडलं, पण फोन अजूनही ते वाचतो.