रशियन प्रजासत्ताक टिकलं असतं तर: कॅडेट की ऑक्टोब्रिस्ट?

1 सप्टेंबर 1917 ला (जुन्या रशियन पंचांगानुसार) जाहीर झालेलं प्रजासत्ताक दोन महिनेही धड जगलं नाही; लेनिनच्या बोल्शेविकांनी सत्ता घेतली. ते टिकलं असतं, तर मध्यम-उजवा पक्ष कुणातून उभा राहिला असता?

नाव पाहिलं तर ऑक्टोब्रिस्टांचं आधी येतं. गुचकोव्ह यांचा हा पक्ष जमीनदार आणि उद्योजकांचा, झारचे पंतप्रधान स्टोलिपिन यांच्या सुधारणांच्या बाजूचा. तिसऱ्या दुमात (झारकालीन संसदेत) तो सर्वांत मोठा होता, पण 1907 मध्ये सरकारने बदललेल्या निवडणूक कायद्याच्या जोरावर. 1913 मध्ये तो फुटला आणि पुन्हा सावरला नाही.

मिल्युकोव्ह यांचे कॅडेट (म्हणजे संवैधानिक लोकशाहीवादी पक्ष) मात्र 1905 साली चक्क डावीकडचे होते: मोबदला देऊन जमीनदारांची जमीन सक्तीने घ्यावी, असं म्हणणारे. 1917 मध्ये ते जागचे फारसे हलले नाहीत; सगळं राजकारणच डावीकडे सरकलं आणि तेच उजवे ठरले. मार्चमध्ये त्यांनी राजेशाहीचा आग्रह सोडून प्रजासत्ताक स्वीकारलं.

माझं मत ठाम कॅडेटांकडे. संविधान सभेच्या निवडणुकीत देशभर मतं कमी पडली, तरी पेट्रोग्राड आणि मॉस्कोत ते बोल्शेविकांपाठोपाठ दुसरे आले. खेड्यातला शेतकरी मात्र त्यांना कधीच गवसला नाही, आणि तिथेच या कल्पित पक्षाची खरी कसोटी लागली असती.