हॉटेलात बिल आणि केओटीचे प्रिंटर बसवून सात महिने झाले, माझा अनुभव

आमचं कोल्हापुरात मटण थाळीचं हॉटेल आहे, बारा टेबलं. श्रावणात गिऱ्हाईक कमी असतं म्हणून तेव्हाच वहीवरच्या ऑर्डरी बंद करून बिलाचा आणि केओटीचा (म्हणजे आत किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) असे दोन प्रिंटर बसवले, आता पाडवा होऊन गेला. कुणी नवीन बसवणार असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितोय.

काउंटरला ८० एमएम रुंद कागदाचा थर्मल, म्हणजे शाईशिवाय उष्णतेनं छापणारा, यूएसबीवर. किचनला तसलाच, पण लॅनवाला, म्हणजे नेटवर्कच्या वायरीवर चालणारा. ५८ एमएमचा स्वस्तात मिळतो पण त्यात एका ओळीला इंग्रजी ३२च अक्षरं बसतात, ८० मध्ये ४८, आणि आयटम, नग, दर, रक्कम, खाली सीजीएसटी-एसजीएसटी अडीच अडीच टक्के हे सगळं नीट दिसायला पाहिजे असेल तर ८०च घ्या. किचनला वायफायच्या नादाला लागू नका, आमच्याकडं आठवडाभर तेच केलं आणि केओटी मधेच अडकायच्या, शेवटी वायर ओढली तेव्हा शांत झालं.

सगळ्यात मोठा फटका बसला तो एका रविवारी दुपारी. लाईट गेली, आली, राउटर परत चालू झाला आणि त्यानं किचनच्या प्रिंटरला दुसराच आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्त्याचा नंबर, देऊन टाकला. कॉम्प्युटर आपला जुन्याच नंबरवर पाठवतोय, आत कागद काही येत नाही, आणि बाहेर सगळी टेबलं भरलेली. पोरं तोंडी ऑर्डरी सांगत सुटली. वीस मिनिटांनी जुळलं तर अडकलेल्या चौदा केओटी एकदम सटासट बाहेर, आणि आत त्या नवीन समजून भाकरी परत थापायला घेतल्या. किती पीठ वाया गेलं विचारू नका. म्हणून पहिल्याच दिवशी प्रिंटरला फिक्स आयपी द्या, आणि राउटर आपणहून जे नंबर वाटतो त्याच्या बाहेरचा द्या. सध्याचा आयपी बघायचा असेल तर बऱ्याच प्रिंटरना फीडचं (कागद पुढं सरकवायचं) बटण दाबून धरून स्विच चालू केला की टेस्टचा कागद निघतो, त्यावर छापलेला असतो. राउटर आणि प्रिंटर दोन्ही यूपीएसवर घ्या.

थर्मल कागदाला उष्णता सोसत नाही हे आचाऱ्याला आधीच सांगून ठेवा. आमच्या वस्तादांनी तव्याशेजारी स्लिप ठेवली आणि ती काळी पडली, काही वाचता येईना. आता दाराजवळ भिंतीला तार बांधलीय, तिथं अडकवतात. कटर पूर्ण कापायचा तेव्हा स्लिप खाली ओल्या फरशीवर पडायची, सेटिंगमध्ये पार्शल कट, म्हणजे थोडा भाग न कापता ठेवणं, केलं, आता टोकाला लटकून राहते. छपाईत उभी पांढरी रेघ यायला लागली तर आधी हेड (आतली छापणारी पट्टी) पुसा, प्रिंटर बंद करून, गार झाल्यावर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस. आमची रेघ तेवढ्यानंच गेली.

आता मराठीचं. भाकरीच्या मावशींना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून केओटी मराठीतच पाहिजे हा माझा हट्ट होता. पहिल्यांदा नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं आली, कारण आमच्या प्रिंटरच्या आतल्या फॉन्टमध्ये देवनागरी नव्हतीच. बसवायला आलेला माणूस म्हणाला इंग्रजीच ठेवा. मी ऐकलं नाही. विंडोजच्या ड्रायव्हरमधून चित्र म्हणून छापलं की येतं, जरा सावकाश येतं एवढंच. पण अक्षर बारीक ठेवलं तर 'पांढरा'वरचा अनुस्वारच गायब, आणि २ चा ३ वाटायचा, दोन भाकरीच्या जागी तीन जायच्या. मग फॉन्ट जाड केला, नग डावीकडं दुप्पट मोठा घेतला. तेव्हापासून मावशी स्वतः स्लिप फाडून घेतात, टेबल नंबर बघतात, मधे कुणाला विचारावं लागत नाही. मला ह्या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

गल्लीतल्या एका हॉटेलात किचनला रिबनवाला डॉट मॅट्रिक्स आहे, त्याचा कागद उष्णतेनं काळा पडत नाही, पण मराठी चित्र छापायला फारच वेळ लावतो म्हणून मी थर्मलवरच राहिलो.

बिलं काही महिन्यांत फिकी पडतात, सॉफ्टवेअरचा बॅकअप रोज घ्या. आता पार्सल काउंटरला तिसरा घ्यायचाय, त्याचा आयपी आत्ताच वहीत लिहून ठेवलाय.