आयबीएमचं जुनं सिरियल कार्ड: माल चोख, केबल मात्र स्वतः बांधा

१९८१च्या पीसीसोबत आलेलं आयबीएमचं असिंक्रोनस (म्हणजे सिरियल पोर्टचं) कार्ड आणि त्याचे असंख्य क्लोन (इतरांनी काढलेल्या नकला) जुन्या मशीनवाल्यांच्या हाती अजूनही येतात. पोटात अक्षरं बिट-बिट करून पाठवणारी-घेणारी ८२५० चिप, पट्टीवर २५ पिनांचा मेल कनेक्टर. (पीसीचा २५ पिनांचा फिमेल म्हणजे प्रिंटर पोर्ट, तिथे सिरियलची केबल घुसवू नका.) विकणारा ‘कार्ड मेलंय’ म्हणाला तरी लगेच मान डोलवू नका. आधी हँडशेकच्या, म्हणजे ‘तयार आहे’, ‘थांब’ हे एकमेकांना सांगणाऱ्या, तारा बघा.

८२५० स्वतःहून फ्लो कंट्रोल (समोरच्याच्या सवडीनं थांबणं-पाठवणं) करत नाही. सीटीएस (समोरून येणारा ‘पाठव’चा सिग्नल) आला की गेला, एवढं फक्त नोंदवते. थांबायचं की पाठवायचं ते सॉफ्टवेअरच्या हाती. बायॉसचा (मशीनच्या रॉममधल्या मूळ प्रोग्रामचा) खाक्या मात्र कडक. एक अक्षर पाठवायचं तरी डीटीआर आणि आरटीएस (आपल्याकडून ‘तयार’ सांगणारे सिग्नल) वर करतो, मग समोरून डीएसआर आणि सीटीएस (त्यांचेच जोडीदार) दोन्ही येईपर्यंत खोळंबतो. नुसती २, ३, ७ (पाठवणं, घेणं, ग्राउंड) अशी तीन तारांची केबल लावून डॉसच्या कॉपी कमांडनं फाइल कॉम१वर (पहिल्या सिरियल पोर्टवर) ढकलली, की थोडा वेळ गप्प आणि मग ‘राइट फॉल्ट’. क्लोन कार्डांवरचा १४८९ रिसीव्हर (केबलवरून आलेला सिग्नल ८२५०ला देणारी चिप) मोकळी इनपुट ‘नाही’च समजतो.

यावर लोकांचा सोपा उतारा म्हणजे कार्डाच्या टोकाला ४-५ (आरटीएस-सीटीएस) जोडायचं आणि ६-८-२० (डीएसआर, ‘लाइन जुळली’ सांगणारा डीसीडी आणि डीटीआर) एकत्र बांधायचं. कार्ड स्वतःच्याच सिग्नलवर खूश होतं, पाठवणं सुरू होतं. पण समोरचा ‘थांब’ म्हणतोय हे त्याला कधीच कळणार नाही. चाचणीपुरतं ठीक, कायमचं नाही.

खरी केबल ७ तारांची. कार्डाचा डीबी२५ (२५ पिनांचा कनेक्टर) ते यूएसबी-सिरियल अडॅप्टरचा डीबी९ (९ पिनांचा), दोन्ही टोकांना फिमेल: २ ते २, ३ ते ३, ७ ते ५, ४ ते ८, ५ ते ७, २० ते ६, ६ ते ४. जंपर दोनच: डीबी२५वर ६-८, डीबी९वर ६-१. २ ते २ बघून पुष्कळांना ही सरळ केबल वाटते. तशी ती नाही. डीबी९वर टीएक्स (पाठवणं) आणि आरएक्सचे (घेणं) नंबर मुळातच उलटे असल्यामुळे क्रॉस आपोआप होतो. अस्सल आयबीएम कार्डावर ९, ११, १८ आणि २५ या पिना करंट लूपच्या (व्होल्टेजऐवजी करंटनं सिग्नल पाठवायच्या जुन्या पद्धतीच्या) आहेत, त्यामुळे सगळ्या २५ तारा जोडलेली तयार केबल टाळलेली बरी.

तपासणी डॉसच्या डीबगमध्ये करा. कॉम१च्या ३एफसी पत्त्यावर ०३ लिहा (डीटीआर-आरटीएस वर होतात), मग ३एफई (आलेल्या सिग्नलांची नोंद) दोनदा वाचा. पहिल्या वाचनात खालच्या चार बिटांत ‘बदल झाला’चा कचरा येतो. समोरच्यानं डीटीआर-आरटीएस वर केलेले असतील तर दुसऱ्यांदा बी० दिसायला हवं. ए० आलं तर सीटीएस तुटलाय, १० आलं तर डीएसआर आणि डीसीडी. मग मीटर घेऊन चिपची ३६ नंबरची पिन बघा: सीटीएस चालू असताना ती शून्याजवळ असते. केबलवर सिग्नल ठीक आणि पिन ५ व्होल्टवरच अडलेली, तर १४८९ बदला. डीआयपी-१४ची (१४ पायांची) स्वस्त चिप आहे.

१४८८ ड्रायव्हरला (केबलवर सिग्नल ढकलणाऱ्या चिपला) मात्र +१२ आणि −१२ दोन्ही लागतात. स्लॉटच्या बी७ पिनवर −१२ मोजा. सध्याच्या काही छोट्या पॉवर सप्लाय ते देतच नाहीत, आणि मग लाइन खाली जायची ती शून्यावरच थबकते. आखूड केबलवर कधी चालतं, कधी नाही. असा दोष शोधताना डोकं उठतं.

एक खोड कार्डाची नाही, बायॉसची. अक्षर वाचताना तो फक्त डीटीआर ठेवतो, आरटीएस (समोरच्याचा सीटीएस) पाडतो. म्हणजे पूर्ण केबल आणि समोर हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू असेल, तर वाचायला बसल्याबरोबर समोरचा गप्प. कार्डाशी थेट बोलणारा टर्मिनल प्रोग्राम वापरा.

सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगानं दर १.०४ मिलिसेकंदाला एक अक्षर येतं आणि ८२५०त एकाच अक्षराची जागा. ४.७७ मेगाहर्ट्झचं मशीन स्क्रीन सरकवण्यात गुंतलं की अक्षर गळतं. म्हणून घेताना चिप सॉकेटमध्ये आहे का ते बघा. असेल तर त्याच ४० पिनांत १६५५०ए बसते, १६ अक्षरांच्या रांगेसकट. रांग चालू करायचं काम मात्र प्रोग्रामचं.