बलांचा प्रयोगसंच: शैक्षणिक वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

नाशिकला इंदिरानगर भागात मी सहावी ते आठवीच्या मुलांची विज्ञानाची शिकवणी घेते. बल आणि त्याचे परिणाम शिकवण्यासाठी जूनमध्ये हा संच घेतला आणि फेब्रुवारीपर्यंत तो नियमित वापरला. त्यात दोन ताणकाटे (स्प्रिंगच्या ताणावरून बल मोजणारे काटे), हूक लावलेला लाकडी ठोकळा, पट्टीचुंबकांची जोडी, कप्पी आणि फुगे आहेत. हा संच घ्यावा तो ताणकाट्यांसाठीच, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ढकलणे आणि ओढणे यापुढे न सरकणारी बलाची कल्पना त्यांच्यामुळे मोजता येऊ लागते.

घर्षणाचा प्रयोग सर्वांत सरस. सुमारे २ न्यूटन वजनाचा ठोकळा शहाबादी फरशीवर हळूहळू ओढू लागले की काटा जवळपास ०.८ न्यूटनपर्यंत चढतो आणि ठोकळा हलताच ०.६ च्या आसपास येऊन स्थिरावतो. स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असते, हे वाक्य मग पाठ करावे लागत नाही. खाली गोणपाट अंथरले की आकडा दुपटीच्या जवळ जातो. ठोकळा अरुंद बाजूवर ठेवून ओढल्यास बल कमी लागेल, असे बहुतेक मुले ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात आकडा फारसा बदलत नाही, कारण टेकलेले क्षेत्रफळ घटले तरी ठोकळा फरशीवर तेवढ्याच बलाने दाबलेला असतो. यावर मुले जितकी वाद घालतात, तितकी दुसऱ्या कशावरही घालत नाहीत.

गोदावरीच्या पात्रातला बेसाल्टचा काळा दगड दोऱ्याने बांधून टांगला, तर हवेत ३ न्यूटन भरला आणि पाण्यात पूर्ण बुडवल्यावर २. काठोकाठ भरलेल्या भांड्यातून सांडलेले पाणी १०० मिलिलिटरच्या आसपास निघाले, म्हणजे वजनाने जवळपास १ न्यूटनच. गेलेला न्यूटन कुठे गेला, याचे उत्तर मुलांनीच दिले.

काट्यावर एका बाजूला न्यूटन आणि दुसऱ्या बाजूला ग्रॅम छापले आहेत. ग्रॅमची बाजू मी कागद चिकटवून झाकली आहे, कारण ताणकाटा मोजतो ते बल. हाच काटा चंद्रावर नेला, तर त्याच वस्तूसाठी सुमारे एक षष्ठांश आकडा दाखवील, वस्तुमान मात्र बदलणार नाही.

फुग्यांच्या बाबतीत ऋतू पाहावा लागतो. ऑगस्टमधल्या दमट हवेत केसांवर घासलेला फुगा कागदाचे कपटे उचलत नव्हता, कारण वस्तूंच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा पातळ थर साचतो आणि प्रभार त्यातून निघून जातो. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत त्याच खोलीत कपटे उडून चिकटू लागले. चुंबक ठीक आहेत. कप्पी जड फिरते, तिचा उपयोग नाही.

खरी तक्रार लहान काट्याबद्दल आहे. ५ न्यूटनच्या या काट्याला मुलाने भरलेले दप्तर अडकवले आणि स्प्रिंग प्रत्यास्थ मर्यादेपलीकडे ताणली गेली. तेव्हापासून काटा शून्यावर परत येत नाही. स्प्रिंगला अडवणारी खूण आत असायला हवी होती, आणि केवळ इंग्रजीत असलेल्या माहितीपत्रकात निदान ही सूचना तरी ठळक द्यायला हवी होती. पुढच्या जूनसाठी मी पूर्ण संच न घेता ५ न्यूटनचे सुटे ताणकाटे घेणार आहे, म्हणजे दोन-दोन मुलांच्या हातात एक येईल.