अझेलिया की अँथुरियम? ठाण्या-नवी मुंबईच्या फ्लॅटसाठी

खारघरच्या वहिनीचा परवा फोन आला. नर्सरीत अझेलिया बघून आलीये, गुलाबी फुलांनी नुसती लगडलेली, पान दिसत नाही म्हणाली, शेजारीच लाल अँथुरियम होतं आणि दोन्हीतलं एकच घ्यायचंय, तर कुठलं घेऊ. माझ्याकडे मानपाड्याला पूर्वेच्या खिडकीत दोन्ही राहून झालीयेत, दोन अझेलिया आणि तीन अँथुरियम, त्यामुळे तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी गारव्याचं बोलू, कारण सगळं गाडं तिथेच अडतं. अझेलिया म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्याच कुळातली, उत्तराखंडच्या बुरांशची चुलत बहीण म्हणा ना. तिला कळ्या धरल्या तरी त्या नीट उमलायला आधी काही आठवडे १० अंशांच्या आसपास गारवा मिळावा लागतो, बेल्जियममध्ये गेंटच्या बाजूला ही झाडं मोठ्या प्रमाणावर तयार करतात, तिथे तर कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवून मग फुलवतात. ठाण्यात जानेवारीच्या रात्रीही पारा १५ च्या खाली क्वचितच जातो. म्हणजे दुकानात दिसणारी फुलं हा थंड हवेतून आणलेला बहर असतो, आपल्या घरी तो आपण फक्त सांभाळायचा. गार खोलीत ४ ते ६ आठवडे मजेत टिकतो, मार्चच्या उकाड्यात आणलीत तर दोन आठवड्यांत फुलं मलूल. माझी दुसरी अझेलिया दोन वर्षं जगली, पानं छान हिरवीगार, पण पुढच्या वर्षी फुलं आली मोजून पाच. मला त्या पाचांचंही फार अप्रूप वाटलं, पण आधीसारखीच भरून फुलेल या आशेवर कोणी घेऊ नये.

अँथुरियमचं उलट आहे. ते मूळचं कोलंबिया-इक्वाडोरकडचं, दमट जंगलातलं, त्याला आपली हवा माहेरासारखी. २० ते ३० अंश आणि भरपूर दमटपणा, अजून काय हवं? उजेड चांगला मिळाला तर वर्षभर थांबून थांबून फुलतं आणि एकेक फूल दीड-दोन महिने राहतं (आपण ज्याला फूल म्हणतो ते लाल चकचकीत खरं तर पानच असतं, खरी फुलं मधल्या दांडीवर). फक्त अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलंत तर नुसती पानंच येत राहतील, आणि दुपारचं थेट ऊन लागलं तर पानं करपतील.

आता पाणी, कारण अझेलिया जाते ती बहुतेक पाण्यामुळेच. पहिली आणली तेव्हा नर्सरीतल्या माळीदादांनी रोज थोडं थोडं घाला सांगितलं आणि मी रोज अर्धा कप घालत राहिले. वरून माती ओली दिसायची, तीन आठवड्यांत पानं गळायला लागली म्हणून कुंडीतून काढून बघितलं तर आतला गोळा कोरडा ठणठणीत, केसासारखी बारीक तपकिरी मुळं नमद्यासारखी, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखी, गच्च बसलेली. अझेलिया पीटमध्ये (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाची हलकी, तपकिरी माती) लावलेली असते आणि पीट एकदा पूर्ण सुकलं की वरून घातलेलं पाणी आत शिरतच नाही, कडेने वाहून जातं. ती गेलीच. दुसरीला मी कुंडी उचलून बघायचे, हलकी लागली की बादलीत मातीच्या वरपर्यंत बुडवायची, बुडबुडे येतात, ते थांबले की काढून दहा मिनिटं निथळत ठेवायची, बशीत पाणी साचू द्यायचं नाही. फुलात असताना हे दर दोन-तीन दिवसांनी.

पाणी कुठलं हेही बघा. तिला आम्लधर्मी माती लागते, चुना अजिबात चालत नाही. नळाला येणारं भातसा किंवा मोरबे धरणाचं पाणी चालून जातं, पण सोसायटीत टँकर नाहीतर बोअरचं येत असेल आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर जमत असेल तर काही महिन्यांत पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसायला लागतं. पावसाचं पाणी साठवा, किंवा एसीच्या पाइपखाली बादली लावा, त्या पाण्यात चुना नसतो. अँथुरियमलाही खारं पाणी आवडत नाही, पानांची टोकं जळतात, पण ते एवढ्यावरून मरत नाही.

मातीचं थोडक्यात. कोकणातली लाल माती आम्लधर्मी असते म्हणून अझेलियाला चालेल असं वाटतं, पण नुसती घातली तर घट्ट बसते आणि ती नाजूक मुळं गुदमरतात, कोकोपीट आणि पानांचं खत भरपूर मिसळा. अँथुरियमला नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, थोडं कोकोपीट, झालं.

पावसाळ्यात दोघांनाही जपावं लागतं. अझेलियाची मुळं सडतात, अँथुरियमच्या पानांवर डाग येतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये खिडकी उघडी ठेवा, हवा खेळू दे आणि पानांवर पाणी मारू नका. एसीच्या झोतात मात्र दोन्हीपैकी काहीच नको, कोरड्या हवेत अझेलियावर लाल कोळी (पानांतला रस शोषणारी अगदी बारीक कीड) पडतो.

एक गोष्ट मी वहिनीला सगळ्यात आधी विचारली, घरात रांगतं बाळ आहे ना? अझेलियाची पानं, फुलं सगळंच विषारी, पोटात गेलं तर उलट्या होतात, हृदयाचे ठोके मंदावतात, मांजर-कुत्र्यांनाही तेच. अँथुरियमही खायचं नाही, पण त्याने तोंडात लगेच आग होते म्हणून मूल सहसा दुसरा घास घेत नाही. दोन्ही उंचावर ठेवा, पण बाळ असताना अझेलिया मी घरात आणणार नाही.

म्हणून वहिनीला सांगितलं, अँथुरियम घे. घरात लहान मूल नाही, पाळीव प्राणी नाही, डिसेंबर-जानेवारीचे दिवस आहेत आणि महिनाभर हॉल फुलांनी भरलेला हवाय, तर मात्र अझेलिया जरूर आणा, तशी गच्च फुललेली दुसरी कुंडी मी बघितली नाही. घेताना पूर्ण उमललेली घेऊ नका. चार-पाच फुलं उघडलेली आणि बाकीच्या कळ्यांना नुसता रंग दिसायला लागलाय अशी बघा, अगदी हिरव्या घट्ट कळ्या आपल्या उकाड्यात तशाच वाळून जातात. आणि कुंडी हातात उचलून बघा, हलकी लागली तर ती तिथेच सोडा.