सातारच्या धुळीत ब्रशवालं ऑटोमॅटिक कार वॉश: पावसाळ्यापासून उसाच्या हंगामापर्यंत वापरल्यानंतर

गाडी गडद निळी आहे, म्हणजे रंगावर जे होईल ते लपत नाही. पांढरी गाडी असलेल्यांच्या रंगावरही हेच होत असतं, त्यांना ते दिसत नाही एवढंच.

हायवेच्या सर्व्हिस रोडला हे मशीन सुरू झालं तेव्हापासून गाडी बहुतेक वेळा तिथंच धुतली. गाडी जागेवर उभी राहते आणि कमान रुळावरून पुढं-मागं फिरते. दोन ब्रश उभे, एक आडवा. जुन्या मशीनला नायलॉनच्या कडक काड्या असायच्या, इथं फोमच्या मऊ पट्ट्या आहेत. मालकाचा सगळा भर त्यावरच: "फोम आहे साहेब, चरा पडूच शकत नाही."

चरे पडले. पण सगळीकडं सारखे नाहीत, आणि कुठं पडले ते बघितल्यावरच खरा प्रकार कळतो. टप जवळपास स्वच्छ. बॉनेटवर मशीनचे थोडे. दाराचा खालचा भाग आणि डिकीच्या दाराची खालची बाजू मात्र मोबाईलच्या टॉर्चखाली धरली की आडव्या, एकमेकींना समांतर बारीक रेषा. उभा ब्रश स्वतःभोवती फिरत गाडीच्या लांबीनं जातो, त्यामुळं त्याच्या रेषा आडव्याच येणार. आणि चाकांनी उडवलेली माती नेमकी त्याच पट्ट्यात बसते. फोमची पट्टी मऊ असते हो, तिच्याखाली सापडलेला वाळूचा कण मऊ नसतो. रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, साधारण 40-50 मायक्रॉनचा असतो, माणसाच्या केसापेक्षा पातळ. वाळूतल्या क्वार्ट्झसमोर तो काय टिकणार?

भर पावसात काहीच त्रास नव्हता. माती ओली असते, प्रेशरच्या पहिल्या पाण्यातच निघून जाते. गडबड सुरू झाली सप्टेंबरात. कासला जाऊन आलं की यवतेश्वर घाटातला लाल चिखल खाली उतरेपर्यंत वाळून घट्ट होतो, आणि रविवारी संध्याकाळी मशीनसमोर तशाच गाड्यांची रांग. मशीनवरचं पोरगं घाईत असतं. आधीचं प्रेशरचं पाणी दोन फटक्यांत उरकतं आणि कमान चालू. त्यात पुढची गाडी साईटवरची पिकअप असेल तर तिचा चिखल ब्रशमध्ये बसतो आणि पुढचा नंबर आपला. म्हणून मी आता आपल्या गाडीआधी पुढची गाडी बघतो. ती फार बरबटलेली असेल तर सरळ परत फिरतो.

पोराला "आधी साबणाचा फोम मार, पाच मिनिटं थांब, खालची पट्टी प्रेशरनं नीट धू, मग मशीन लाव" असं सांगायला लागल्यापासून नव्या रेषा फारशा वाढल्या नाहीत. वरचे पैसे द्यावे लागतात, द्यावेत. साबणाचा फोम गाडीवर सुकू मात्र द्यायचा नाही.

आता जे कुणी बोलत नाही ते. पॉलिशवाल्याकडं गाडी नेली तेव्हा सगळ्यात जास्त चरे त्यानं बॉनेटवर आणि पुढच्या दारांच्या वरच्या भागावर दाखवले, आणि ते मशीनचे नव्हते. वेडेवाकडे, सगळ्या दिशांना गेलेले. टॉर्च धरला की दिव्याभोवती गोल जाळं दिसतं. चरे स्वतः गोल नसतात, प्रकाशाला आडवे असलेले तेवढेच चमकतात म्हणून तसं वाटतं. हे काम सोसायटीतल्या रोजच्या फडक्याचं. उसाच्या हंगामात सकाळी गाडीवर दव, त्यावर ट्रॉल्यांची धूळ आणि कारखान्याच्या धुराड्याची काजळी. त्यावरून एकाच बादलीत बुचकळलेलं एकच फडकं दहा गाड्यांवर फिरतं. मशीनला शिव्या घालणारे आमचे शेजारी हे फडकं महिना ठरवून लावून घेतात! मी ते बंद केलं. धूळ दिसते, दिसू दे.

पाण्याची तक्रार वेगळी आहे. इथं बोअरचं पाणी आहे, क्षार भरपूर. गाडी सुकवायला मशीन शेवटी जो वारा सोडतं तो आरशांच्या खाचेतलं, नंबर प्लेटमागचं पाणी काढत नाही. उन्हात ते वाळलं की पांढरे ठिपके. ते वेळेत पुसले नाहीत तर पुढं नुसत्या पाण्यानं जात नाहीत. स्वच्छ मायक्रोफायबर सोबत ठेवा आणि बाहेर पडल्या पडल्या सावलीत टिपून घ्या, घासू नका.

बाकी किरकोळ. खिडकीवर चिकटवलेल्या रेन व्हायझरचं (पावसाचं पाणी अडवणाऱ्या पट्टीचं) एक टोक सुटलं, बहुतेक ब्रशनंच. ॲन्टेना निघत असेल तर काढा, पावसाचा सेन्सर असलेला वायपर आधी बंद करा. गाडीला नुकताच रंग मारला असेल तर रंगवाला हो म्हणेपर्यंत ब्रश नको. मॅट रंगाला तर नकोच.

'सिरॅमिक (रंगावरचं संरक्षक कोटिंग) मारून घ्या, 9एच आहे, चराच पडणार नाही' असं कुणी म्हणालं तर तो 9एच पेन्सिलीच्या कडकपणाच्या चाचणीतला आहे हे ध्यानात घ्या. वाळूला त्याचं काही नाही. पाणी पटकन ओघळतं, माती कमी चिकटते, हा फायदा खरा. ब्रश नसलेलं टचलेस मशीन चरे पाडत नाही, पण घासायचं काम तिथं तीव्र रसायनावर सोपवलेलं असतं. त्यानं वॅक्स उतरतं आणि घाटातला चिकट थर तरीही थोडा राहतोच.

पॉलिशनं माझ्या बहुतेक रेषा गेल्या. पण प्रत्येक पॉलिशला क्लिअर कोटचाच थोडा थर जातो, त्यामुळं हा उपाय दरवर्षी करायचा नाही. मशीन मी चालू ठेवलंय: आठवड्यातल्या मधल्या दिवशी, सकाळी, रांग नसताना. कासहून आल्यावर मात्र गाडी आधी घरी पाइपनं भिजवतो.